तीन चाकांवरचे देसलेभाऊ

देसलेभाऊ गेले त्या दिवशी मुरबाडात निदान चाळीसेक माणसांना हायसं वाटलं असणार, आणि त्यांतला एक मी होतो. हे वाचून कुणाला माझा राग आला, तर त्याने भाऊंकडून कधी अर्ज लिहून घेतलेला नाही एवढंच मी म्हणेन.

तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली भाऊंची जागा होती आणि तिच्यापासून सात-आठ हातांवर माझं टेबल. मी स्टॅम्पपेपर विकायचा आणि भाऊंनी त्यावर मजकूर लिहायचा, असं आमचं सव्वीस वर्षं चाललं. वारसनोंद, साठेखत, प्रतिज्ञापत्र, नावात दुरुस्ती, काय म्हणाल ते. अर्ज लिहिणाऱ्या बाकीच्यांची टेबलं होती. भाऊंची गाडी होती. तीन चाकांची मोटार, पुढे एक चाक आणि मागे दोन, फायबरची बॉडी, इंजिन मागच्या बाजूला आणि आवाज फटफटीचा. ती काढणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आम्ही त्या गाडीला बेडूक म्हणायचो, अर्थात भाऊंच्या माघारी. सकाळी चिंचेखाली गाडी लावली की भाऊ डाव्या सीटवर सरकायचे, मांडीवर फळी घ्यायचे, फळीवर टाइपरायटर ठेवायचे आणि काच खाली करायचे. मग आला तो खिडकीशी.

गाडी बुटकी होती. खिडकीतून बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्हीही एक टेबल का टाकत नाही?"

"टेबलापुढं मानूस खुर्चीत बसतो," भाऊ म्हणाले. "हितं वाकतो."

लहानपणीच्या तापात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. काखेत कुबड्या घेऊन ते चालत, आणि त्या चालण्यात घाई कधीच नसे. कुणी पुढे होऊन गाडीचं दार उघडलं, तर भाऊ ते पुन्हा लावून घेत, तो माणूस निघून जाईपर्यंत उभे राहत आणि मग स्वतः उघडत. एका नव्या नायब तहसीलदारांनी हे माहीत नसताना दार उघडलं आणि सौजन्य म्हणून तिथेच थांबून राहिले. भाऊ उन्हात पंधरा मिनिटं उभे होते. शेवटी साहेबच कंटाळून गेले.

बाजारपेठेतल्या एका फॅब्रिकेटरला शेजारी बसवून भाऊंनी ती गाडी हातावर आणली होती. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक लोखंडी दांडा होता. तो पुढे रेटला की ब्रेक लागे आणि त्याच्या डोक्यावरची मूठ पिळली की रेस मिळे. क्लच स्कूटरसारखा गिअरच्या दांड्यावरच घेतलेला. पायाखालची तिन्ही पेडलं त्यांनी कापून फेकून दिली होती. ज्याचा उपयोग नाही ते ठेवू नये असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माणसांच्या बाबतीतही ते हे कसोशीने पाळत.

बोलणं सगळं वैशाखऱ्याचं, त्यांच्या गावचं, पण टाइपरायटरवर बोटं टेकली की भाषा सरकारी, कडक, कुठे सुरकुती नाही. मजकूर झाला की मोठ्याने वाचून दाखवायची त्यांची रीत होती. इतका मोठ्याने, की मागची रांग, मी, चहावाला आणि कचेरीच्या पायरीवरचा शिपाई, सगळ्यांना त्या माणसाचं घर कळे. एकदा धसईकडच्या एका पाड्यावरची बाई नवरा गेल्यावर वारसनोंदीला आली. खिडकीत वाकली आणि रडायलाच लागली.

"रडून घे आधी," भाऊ म्हणाले. "कागदावर पाणी पडला तर कागद बदलावा लागंल."

ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "नवऱ्याच्या बायका किती?"

"किती म्हंजे? मी एकली."

"दुसरी काल येऊन गेली. तिचा अर्ज मीच लिवला. चांगला लिवलाय."

बाई त्या खिडकीची कड धरून खाली बसली. रांगेत एक पुरुष हसला. भाऊंनी तिला उठायला सांगितलं, तिचाही अर्ज लिहिला, आणि माझ्या मते आदल्या दिवशीच्यापेक्षा सरस लिहिला. पुढे निकाल कुणाच्या बाजूने लागला हे त्यांनी कधी चौकशी करून पाहिलं नाही. मात्र खोटं एक अक्षर ते कुणासाठी लिहीत नसत. तालुक्यातल्या भल्याभल्यांनी विनवण्या केल्या, दमही दिले. खोटं लिहून हवं असलं की लोक चौथ्या टेबलाकडे जात. त्या टेबलावर गर्दीही जास्त असे.

त्यांचा मुलगा सुनील. एकुलता एक, धडधाकट, सहा फूट उंच आणि बापापुढे उभा राहिला की चार फूट. कॉलेजात असताना एकदा भाऊंना ताप होता म्हणून तो गाडी घरी न्यायला आला. हाताच्या दांड्याची सवय नाही. भर बाजारच्या दिवशी पेठेच्या तोंडाशी गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे एसटी, तिच्या मागे जीपा, हॉर्नचा नुसता कल्ला. भाऊ शेजारच्या सीटवर, ताप अंगात, तरी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "ढकला रे कोनीतरी! लंगड्याची गाडी हाय, धडधाकट मानसाला चालत नाय!" पेठ हसली. मीही हसलो, कारण हसण्यासारखंच होतं. सुनील त्यानंतर त्या गाडीच्या स्टिअरिंगला शिवला नाही. पुढे त्याने शहापूरला टाइल्सचं दुकान टाकलं, तिकडचीच मुलगी केली आणि तिकडेच राहिला.

आता माझं सांगतो.

माझी बायको गेली त्याला वर्ष झालं, तेव्हा पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची होती. मजकूर मी घरी लिहिला आणि भाऊंकडे टाइप करायला दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला. "अल्पशा आजाराने" इथे आले आणि थांबले.

"हे खोडतो," म्हणाले. "तीन वरसं बाई खाटंवर व्हती. कल्यानला तू तिला दोनदा नेलीस. अल्पसा कसला आजार? तुझा टाइम अल्पसा व्हता."

खिडकीमागे सहा-सात माणसं उभी होती. मी कागद परत घेतला आणि जाहिरात दिलीच नाही. दुसऱ्या दिवशीपासून पूर्वीसारखाच त्यांना स्टॅम्प देऊ लागलो, चहाही एकत्र घेऊ लागलो. भाऊ म्हणाले ते खरं होतं. खोटं असतं तर मी विसरलो असतो.

या माणसाला जगात एकाच जागेची ओढ होती, ती वैशाखऱ्याची. माळशेजच्या रस्त्यावरच्या त्या गावात त्यांची थोरली बहीण राहते, आक्का. भाऊंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला आणि ती माहेरीच परतली. भाऊंना पाठीवर घेऊन ती शाळेत पोचवायची, ओढ्याला पाणी असलं तरी. ते मोठे झाले, जड झाले, आणि एक दिवस तिने त्यांना शाळेच्या अलीकडेच खाली ठेवलं. "आता आपला आपला ये," म्हणाली आणि मागे न बघता घरी गेली. भाऊ रांगत शाळेत गेले. हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं, बहिणीच्या अभिमानाने. गाडी हातावर आल्यावर पहिली फेरी वैशाखऱ्याची झाली, आणि मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. एकटे जायचे, एकटे यायचे.

आठ वर्षांपूर्वी गाडीचं इंजिन बसलं. पार्ट मिळेनात. तोवर कचेरीत कॉम्प्युटर आले होते, वहिनी गेल्या होत्या, भाऊंचं वय झालं होतं. गाडी मुरबाडच्या घरामागे उभी राहिली आणि तिच्यात शेजारणीच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. सुनील आपल्या मोठ्या गाडीतून न्यायला तयार होता, कितीदा आला. भाऊ नाही म्हणाले. "नेलेला मी जानार नाय." बहीण-भाऊ आठ वर्षं भेटले नाहीत, तीस-पस्तीस किलोमीटरवर. आक्काला फोनवर ऐकू येत नसे. पुढे पुढे तिला दिसेनासंही झालं.

भाऊंची पंचाहत्तरी आली तेव्हा सुनीलने ठरवलं की गाडी पुन्हा उभी करायची. त्याला बापाचं काहीतरी करायचं होतं, आणि बापाने आयुष्यात त्याच्याकडून काही म्हणून घेतलं नव्हतं. टेम्पोत घालून गाडी शहापूरला नेली. भाऊंनी विरोध केला नाही. उलट त्यानंतर मी घरी गेलो की माझा हात धरून ठेवायचे. हे त्यांनी यापूर्वी कधीच केलं नव्हतं.

"शांत्या, गाडी झाली का पयला आक्काकडं जातो," म्हणायचे. "एकला. ती पंच्याऐंशीच्या पुढं गेली. टाइम नाय आता."

ते रोज सकाळी ओट्यावर बसून दोन्ही हातांनी विटा उचलत होते, मनगटं तयार करायला.

सोहळ्याच्या पंधरा दिवस आधी सुनीलने मला शहापूरला बोलावलं. काका, बाबांचे तुम्हीच जवळचे, एकदा नजर घाला म्हणाला. हायवेच्या कडेच्या गॅरेजात ती उभी होती. मोबाइलवर कुठून तरी त्याला कंपनीचा जुना जाहिरातीचा कागद सापडला होता आणि तो समोर धरून मिस्त्रीने काम केलं होतं. रंग तोच लिंबासारखा पिवळा. सीट तशाच. काचा नव्या. इंजिनला जुन्या बाजारातून पार्ट मिळवलेले. सुनीलने दार उघडलं आणि आत दाखवलं. पायाखाली तीन नवी पेडलं चमकत होती.

"आता कशी कंपनीतून आल्यासारखी वाटते ना? एकदम ओरिजिनल," सुनील म्हणाला. "बाबांनी केवढा जुगाड करून ठेवला होता. सगळा काढला."

कोपऱ्यात भंगाराचं पिंप होतं. त्यातून तो दांडा वर आलेला दिसत होता. मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली.

हा सूड होता का, असं मला नंतर एकदोघांनी विचारलं. मला नाही वाटत. सूड घ्यायला लागते तेवढी अक्कल सुनीलजवळ नव्हती. हे वाक्य मी भाऊंच्या आवाजात लिहिलंय ते मला कळतंय. तो ती गाडी बघतच लहानाचा मोठा झाला होता, त्यामुळे त्याला ती कधी दिसलीच नव्हती. बाप पुन्हा गाडी चालवेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाप मागे बसेल, आपण चालवू, असं त्याचं चित्र होतं.

मला मात्र सगळं माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पिंपातला दांडा उचलून मिस्त्रीच्या हातात दिला असता तरी चाललं असतं, पंधरा दिवस हाताशी होते. मी पिंपाकडे पाहिलं, सुनीलकडे पाहिलं आणि म्हणालो, "रंग छान आलाय." आणि मला आनंद झाला. अगदी आतून, गोड जेवल्यावर होतो तसा. सहा-सात माणसं खिडकीमागे उभी होती तो दिवस मला आठवला, आणि परतीच्या जीपमध्ये मी चक्क गुणगुणत होतो.

सोहळ्याला मुरबाडच्या घरापुढे मांडव घातला होता. बॅनरवर भाऊंचा फोटो, खाली "बाबांच्या स्वप्नांना पुन्हा चाकं". कचेरीतले जुने लोक, सुनीलच्या सासरचे पाहुणे, शेजारपाजार, शंभरेक माणसं जमली. भाऊंना नवा झब्बा, नवी विजार, नवे बूट. कुबड्या फोटोत नकोत म्हणून सूनबाईंनी आत नेऊन ठेवल्या. दोघा तिघांनी उचलून त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं. उचलू दिलं त्यांनी, कारण त्यांचं सगळं लक्ष गाडीकडे होतं. चेहरा उजळला होता. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि मी गर्दीत दोन पावलं मागे सरलो.

त्यांचा उजवा हात स्टिअरिंगच्या बाजूला गेला आणि हवेत मिटला. पुन्हा उघडला, थोडा मागे जाऊन पुन्हा मिटला. मग त्यांनी खाली पाहिलं.

बराच वेळ ते खालीच बघत होते. फोटोवाला म्हणाला, "बाबा, इकडे." त्यांनी मान वर केली.

"सुनील," ते म्हणाले, कचेरीच्या पायरीपर्यंत जायचा त्याच आवाजात, "पेडलं झ्याक बसवलीस रे. पाय कुठं ठेवलेस माझे?"

मांडव हसला. भाऊ बोलले की हसायचं अशी चाळीस वर्षांची सवय. सुनीलही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पांढरा पडला. पण शंभर माणसं बघत होती. तो वाकला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता कशाला चालवायचीय? मी आहे ना ड्रायव्हर. चला, आज तुम्हाला आत्याकडे नेतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी त्यांचा जवळचा, म्हणून मला त्यांच्या शेजारी बसवलं.

सरळगाव मागे पडलं. इंजिनचा आवाज एवढा, की पुढे सुनीलला मागचं ऐकू येत नव्हतं.

"तू शहापूरला गेला व्हतास," भाऊ म्हणाले.

"हो."

"दांडा दिसला?"

"भंगारात होता."

"बोलला नायस."

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बायकोचं?"

"हो."

"ते खरं व्हतं, शांत्या."

"म्हणूनच," मी म्हणालो.

ते खिडकीकडे वळले. टोकावडे गेलं, डोंगर जवळ आले. माफी मागण्यासारखं होतं, पण भाऊंसमोर माफी मागायची म्हणजे तिचीही त्यांनी दुरुस्ती केली असती.

वैशाखऱ्यात गाडी आक्काच्या अंगणाशी थांबली तेव्हा ती सूप बाजूला ठेवून उठली. फटफटीचा तो आवाज तिने आठ वर्षांनी ऐकला होता. हात पुढे धरून, बोटांनी हवा चाचपत ती आली. चेहरा भाऊंचाच, फक्त म्हातारा जास्त. सुनील पुढून मोठ्याने ओरडला, "आत्या, बाबा आलेत!"

"आला?" ती म्हणाली. तिचा हात काचेला लागला. मी घाईघाईने काच खाली केली. हात आत आला, माझ्या छातीवरून पुढे गेला आणि भाऊंच्या तोंडावर फिरला. "रामा, आलास रे? एकला आलास?"

सुनीलने मान वळवून बापाकडे पाहिलं. हो म्हणा, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मीही मनात तेच म्हणत होतो. तिला दिसत नव्हतं. हो म्हणायला एक अक्षर लागतं. इतकं सोपं खोटं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"नाय गो आक्का," भाऊ तिच्या कानाशी ओरडले. "आलो नाय. आनलाय मला."

तिचा हात त्यांच्या गालावर तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, पुन्हा माझ्या छातीवरून.

"मंग जा," ती म्हणाली. "आपला आलास का ये."

आणि वळली. सुनील खाली उतरून तिच्यामागे धावला, आत्या आत्या करत. ती सुपाशी जाऊन बसली आणि तांदूळ पाखडायला लागली. भाऊ खाली उतरले नाहीत. कुबड्या मुरबाडला होत्या, त्यामुळे उतरायचं म्हटलं असतं तरी पुन्हा कुणीतरी उचलावं लागलं असतं. ते बहिणीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ थरथरत होते. मला वाटलं रडतील. पण ते हसत होते. "बघितलीस?" मला म्हणाले. "हाय का जोड?" तेवढंच बोलले.

परत येईपर्यंत मांडव निम्मा उतरला होता. जेवणावळ संपत आली होती. सुनीलने गाडी दारात लावली, कुणाला हाक मारली नाही, मागचं दार उघडलं आणि बापाला एकट्यानेच दोन्ही हातांवर उचललं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. घराचं दार उघडायला मी पुढे झालो, आणि उघडलं.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही, आणि दोन महिन्यांत ते वारले. त्या दिवशी सुनील, दार अरुंद होतं म्हणून, आडवा होऊन आत शिरला. आधी भाऊंचं डोकं आत गेलं, मग झब्बा, आणि शेवटी नुसते पाय बाहेर राहिले. मला भाऊ शेवटचे दिसले ते एवढेच. बुटांचे तळ माझ्याकडे होते, कोरे करकरीत, आणि उजव्या तळावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.